बारावीनंतर खगोलशास्त्र की वाहन तंत्रज्ञान? देवगडहून एक विचारणा

देवगडची_थोरली

नमस्कार. माझा धाकटा भाऊ यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला असून भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्ही विषयांत त्याला चांगले गुण आहेत. पुढे काय शिकावे यावरून आमच्या घरी गेले तीन आठवडे रोज रात्री जेवताना वाद होतो, आणि आता बाबा ताटावरून उठले की मगच भाऊ जेवायला बसतो. मी रत्नागिरीला बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवारी घरी जाते. दोघेही आपापली बाजू मलाच पटवून देतात, म्हणून इथल्या जाणकारांना विचारावे असे वाटले.

बाबांचे देवगडात २७ वर्षांपासूनचे गॅरेज आहे. अलीकडच्या गाड्यांतला संगणक त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांनाही कधी कणकवलीला तर कधी कोल्हापूरला पाठवावे लागते, आणि ते त्यांना फार लागते. मुलाने वाहन अभियांत्रिकीची पदविका घ्यावी आणि गॅरेज नव्या काळात न्यावे, ही त्यांची इच्छा आहे. भावाला मात्र खगोलशास्त्रच शिकायचे आहे. त्यावर बाबांचे म्हणणे एकच, की "आभाळाकडे बघान पोट भरतला काय?"

भावाने गेल्या दिवाळीत सहा इंची आरसा मागवून स्वतः दुर्बीण तयार केली. नळी पाण्याच्या जाड पाइपची आहे, आणि ती फिरावी म्हणून तळाला बाबांच्या भंगारातल्या एका जुन्या मोटारीच्या मागच्या चाकाचा हब बेअरिंगसकट बसवला आहे. त्यात ग्रीस बाबांनीच भरून दिले, हे येथे मुद्दाम नमूद करते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्याने ४१ रात्री गुरूच्या चार चंद्रांच्या जागा वहीत ठिपक्यांनी नोंदवल्या आहेत. दरवर्षी १८ ऑगस्टला तो विजयदुर्गला जातो आणि हेलियमचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला, असे सर्वांना सांगतो.

खगोलशास्त्राची पदवी नेमकी कोठे मिळते, त्यानंतर उपजीविकेचे काय, आणि बारावी विज्ञान झालेल्या मुलाने वाहनाच्या पदविकेला जाणे म्हणजे मागे जाणे आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. खाजगी शिकवणीचा किंवा मोठ्या देणगीचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, हेही लक्षात घ्यावे.

लंबकमास्तर

ताई, खगोलशास्त्र या नावाच्याच पदवीचा हट्ट प्रथम सोडून द्यावा. त्या नावाची पदवी देणाऱ्या जागा आपल्याकडे मोजक्याच आहेत. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी इंदूरमध्ये त्याची एमएस्सी करता येते, परंतु या क्षेत्रात काम करणारे बहुसंख्य लोक भौतिकशास्त्राची पदवी घेऊनच तिकडे वळलेले असतात. तेव्हा भावाला आज निवडायचे आहे ते भौतिकशास्त्र आणि गणित. आकाश त्यानंतर येते.

बारावीनंतर थेट जाण्याच्या चांगल्या जागा म्हणजे आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन) संस्था, ज्यांतली पुण्याची २००६ साली सुरू झाली आणि जिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम स्वतंत्र प्रवेश चाचणीतून मिळतो. भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातले मूलभूत विज्ञान केंद्र, ज्यांच्यासाठी नेस्ट ही परीक्षा असते. आणि तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, जिथे जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश होतो. या परीक्षांचे अर्ज बहुधा बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच भरावे लागतात. ते भरले नसतील तर हळहळत बसण्याचे कारण नाही. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी भौतिकशास्त्राची बीएस्सी करावी, तिसऱ्या वर्षी जॅम परीक्षा द्यावी आणि एखाद्या आयआयटीत एमएस्सीला जावे, ही वाटही चांगली वापरातली आहे. तो तुमच्याकडेच राहिला तर वसतिगृहाचा खर्चही वाचेल.

त्यानंतर पीएचडी. त्यासाठी जेस्ट, नेट किंवा गेट यांपैकी एक परीक्षा आणि मुलाखत असते, आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संशोधन संस्था, तिथलेच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था किंवा बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था अशा जागा असतात. पीएचडीच्या काळात वडिलांकडे पैसे मागावे लागत नाहीत, कारण कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. परंतु हिशेब उघड्या डोळ्यांनी करावा. पदवीची तीन, एमएस्सीची दोन आणि पीएचडीची पाच-सहा वर्षे धरली तर अठराव्या वर्षी निघालेला मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर पोहोचतो, आणि तेव्हाही कायमची जागा हातात असेलच असे नाही. मधेच उतरणाऱ्यांना अध्यापन आणि माहिती-विश्लेषण ही दोन क्षेत्रे सहसा सामावून घेतात, कारण आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही, तो पायथॉन या संगणकभाषेत आज्ञावली लिहीत बसतो.

विजयदुर्गाविषयी एक दुरुस्ती, कारण ती विषयाला धरूनच आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण खरे, आणि किल्ल्यावरच्या साहेबाच्या कट्ट्यांचे नाते त्या ग्रहणाशी जोडले जाते हेही खरे. मात्र जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत. विजयदुर्गला अवश्य जावे, पण ही सगळी कथा लोलक, वर्णपट आणि रेषेची जागा मोजण्याची चिकाटी यांची आहे, हे भावाने ध्यानात घ्यावे. अठ्ठ्याऐंशी तारकासमूह तोंडपाठ असलेले आणि दुसऱ्या वर्षी विकल (डिफरन्शियल) समीकरणांपाशी वही मिटून निघून गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

म्हणून त्याची एक परीक्षा घ्या. त्या ४१ रात्रींच्या नोंदींवरून प्रत्येक चंद्राचा प्रदक्षिणाकाल त्याने स्वतः काढावा, पुस्तकात किंवा मोबाइलवर उत्तर न पाहता. मग केप्लरचा तिसरा नियम, म्हणजे काळाचा वर्ग आणि अंतराचा घन यांचे प्रमाण, त्याच्या ठिपक्यांना लागू पडतो का ते तपासावे. हे करताना जेवणाची वेळ विसरला तर त्याला खुशाल पाठवा.

कुंभार्ली_पायथा

मास्तरांनी एक बाजू नीट मांडली आहे. दुसरी मी मांडतो. मी वाहन अभियांत्रिकीची पदविका घेतली, नऊ वर्षे चाकणच्या कारखान्यांत काम केले आणि आता चिपळूणजवळ महामार्गालगत माझे वर्कशॉप आहे.

बारावी विज्ञान झालेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे दोनच वर्षे लागतात, आणि पुढे वाटल्यास अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तेव्हा यात मागे जाणे काही नाही. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा व्यवसाय दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा असतो. हात बसवायला तेही उत्तम, आणि आपल्या बंदरांवर ट्रॉलरची इंजिने उतरवायला डिझेल मेकॅनिक कधीच पुरत नाहीत. मात्र सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेला बसायचे असेल तर वाहन किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदविकाच लागते. अर्ज भरण्यापूर्वी जवळच्या तंत्रनिकेतनात वाहन शाखा आहे का हे पाहावे. नसेल तर यंत्र अभियांत्रिकी घेतल्याने फारसे बिघडत नाही.

तुमच्या बाबांना जे लागते आहे ते मला कळते. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ हे नवे नियम आले आणि डिझेल मोटारीच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोमीटर २५० मिलिग्रॅमवरून एकदम ८० वर आली. ती पाळण्यासाठी कंपन्यांनी धुराच्या मार्गावर जे गाळणे, सेन्सर आणि नियंत्रक बसवले, त्यांनी जुन्या हातांची निम्मी विद्या बाद केली. गुहागरचे एक डॉक्टर घर ते दवाखाना एवढीच तीन किलोमीटर गाडी चालवत आणि दर दोन महिन्यांनी लाल दिवा लागला म्हणून येत. काजळीचे गाळणे स्वतःला जाळून साफ करते, पण त्याला बराच वेळ सलग गरम राहावे लागते, आणि तीन किलोमीटरांत ते तापतच नाही. त्यांना मी कोणताही भाग बदलून दिला नाही. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास एकाच वेगाने चालवा, एवढेच सांगितले.

पण संगणक वाचता आला म्हणजे गाडी वाचता आली असे नाही, आणि ही गोष्ट बाबांना आवर्जून सांगा. गेल्या वर्षी माझ्याकडे एक गाडी आली, जिचा एकच सेन्सर एका मोठ्या सेवा केंद्राने दोनदा बदलून पैसे घेतले होते, कारण स्कॅनर तोच दोष दाखवत होता. मी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. तिथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसायला नको होते, काटा १.१ वर गेला. अर्थिंगची जाड तार जिथे चेसिसला बोल्टने आवळलेली असते, तिथे आतल्या तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. वरून तार अगदी नवी दिसत होती. आपल्या खाऱ्या हवेत हे सतत होते. पुण्यातल्या माणसाला ते सुचत नाही, आणि स्कॅनर तर सांगतच नाही, कारण त्याला फक्त सेन्सरकडून येणारा चुकीचा आकडा दिसतो. बाबांचा हात आणि मुलाचे भौतिकशास्त्र एकत्र आले तर देवगडातून कोल्हापूरला गाडी पाठवावी लागणार नाही.

विजेच्या गाड्यांचे शिक्षण मात्र नुसते बघून घेऊ नये. तीनशे-चारशे व्होल्टच्या नारिंगी तारांना हात लावण्यापूर्वी जोडणी तोडून किती मिनिटे थांबायचे, हे रीतसर शिकूनच घ्यावे लागते.

खाडीपलीकडचा

फक्त एक सावधगिरी. ‘खगोलशास्त्र पदविका, सहा महिने, घरबसल्या’ अशा जाहिरातीला भुलून माझ्या पुतण्याने एका संस्थेत १८,००० रुपये भरले. मिळाले ते पंचवीस चित्रफिती आणि सोनेरी कडांचे प्रमाणपत्र, ज्याला कोणतेही विद्यापीठ विचारत नाही. आणि हो, प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यापासून शेजारच्या आजी त्याच्याकडे नातीची पत्रिका घेऊन येतात.

अँटेनाखाली

मी मूळची मालवणची. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन गेली बारा वर्षे पुणे जिल्ह्यात रेडिओ दुर्बिणींच्या देखभालीचे काम करते. वरच्या दोन्ही उत्तरांत एक गृहीत आहे, की दुर्बीण ही खगोलशास्त्रज्ञांची आणि पाना हा मेकॅनिकचा. तसे असते तर मला पगार मिळाला नसता.

जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीण घ्या. तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नसून बारीक तारांच्या जाळीची आहे, म्हणून ती हलकी झाली आणि वाऱ्यालाही वाट मिळाली. एवढे धूड एखाद्या आकाशगंगेमागे तासन्‌तास सावकाश फिरवत राहायचे, तेही इतक्या नेमकेपणाने की २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर एका अँटेनाला दिसणारा आकाशाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्रापेक्षाही थोडा लहान असतो.

ही फिरवाफिरव मोटर, गिअरबॉक्स आणि दातेरी चक्रांनी होते. स्टिअरिंगला ‘प्ले’ (ढिलेपणा) आला म्हणून गाडी तुमच्या बाबांकडे येते, तसाच प्ले अँटेनाच्या दात्यांतही येतो, आणि मग मोटर थांबली तरी तबकडी वाऱ्याच्या झुळकीने किंचित पुढेमागे होते. त्यावर उपाय म्हणून मोठ्या अँटेनांत एकाच अक्षावर दोन मोटरी एकमेकींच्या विरुद्ध हलकेच ताणून धरतात, म्हणजे दाते एका बाजूला टेकलेले राहतात. ही युक्ती मला एका पीएचडीवाल्याने समीकरणाने समजावली आणि एका जुन्या फिटरकाकांनी दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवून दाखवली. लक्षात राहिली ती काकांची.

सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या आदित्य-एल१ यानावरची सूर्याची अतिनील दुर्बीण आयुकात घडली. असे काम करताना आरसा बसवणारा, तापमान सांभाळणारा, स्क्रू किती बळाने आवळायचा ते ठरवणारा माणूस लागतो. म्हणून भावाला सांगा, की भौतिकशास्त्र घेतले तरी गॅरेज सोडू नकोस. बीएस्सीच्या काळात आयुका आणि रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दोन्ही ठिकाणचे उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम असतात. तिथल्या अर्जात चाकाच्या हबवर बसवलेल्या दुर्बिणीचा फोटो जोडावा. आणि हबची बेअरिंग घट्ट असेल तर दुर्बीण झटक्याने सरकत असेल; ग्रीस कमी भरायला हवे होते, असे बाबांना माझ्या वतीने आदरपूर्वक सांगा.

देवगडची_थोरली

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण मास्तरांची परीक्षा चालू होती.

भावाने गुरूच्या चंद्रांपैकी कॅलिस्टोचा प्रदक्षिणाकाल १६.५ दिवस आणि गॅनिमीडचा ७.१ दिवस काढला. वहीतल्या नोंदींप्रमाणे कॅलिस्टो गुरूच्या व्यासाच्या १३ पट आणि गॅनिमीड साडेसात पट लांब जातो. काळांच्या गुणोत्तराचा वर्ग ५.४ आला आणि अंतरांच्या गुणोत्तराचा घन ५.२. हे त्याने रात्री पावणेदोनला मला फोन करून सांगितले. आयो मात्र चुकला. त्याच्या वहीप्रमाणे आयोचा काळ २.३ दिवस येतो आणि शेवटी त्याने पुस्तक उघडले तेव्हा तिथे १.७७ होता. तीन वेळा मोजूनही २.३ च येतो. चूक कोठे आहे, ते कळत नाही.

बाबांनी कुंभार्ली पायथ्याचे उत्तर दोनदा वाचून घेतले. दुसऱ्या दिवशी मासळीचा एक टेम्पो आला, ज्याच्या चेसिसवरून बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे गळते आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तार लावून पाहिली तर काटा ०.९ वर गेला, आणि बोल्ट काढून साफ केल्यावर ०.१ वर आला. जोडणीवर आधी ग्रीस लावावे की आवळल्यानंतर, असे त्यांनी विचारले आहे. रत्नागिरीच्या बीएस्सीचा अर्ज भरला आहे, आणि पदविकेचाही भरून ठेवला आहे. जेवायला मात्र दोघे आता एकत्र बसतात, कारण त्यांना एकमेकांच्या मोजण्यात चुका काढायच्या असतात.

कुंभार्ली_पायथा

बाबांना सांगा, की पॉलिश पेपरने धातू चकचकीत करावा, कोरडाच आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली फासावी. आधी लावली तर तीच मध्ये राहते. मासळीच्या टेम्पोला दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा करावे लागेल.

लंबकमास्तर

ताई, आयोच्या बाबतीत मुलाची मोजणी चुकलेली नाही, आणि २.३ हाच आकडा यायला हवा होता. तो रोज रात्री ठरावीक वेळी एकदाच पाहतो, म्हणजे चोवीस तासांनी एक नोंद. आयो तेवढ्या वेळात अर्ध्याहून थोडी जास्त फेरी मारतो, पण ठिपक्यांवरून तो अर्ध्याहून थोडी कमी आणि तीही उलट दिशेने गेल्यासारखा भासतो. एकातून १.७७ चा व्यस्तांक वजा करून उरलेल्याचा पुन्हा व्यस्तांक घ्यायला सांगा, २.३ येईल.

बाबांकडे जुन्या पेट्रोल गाड्यांचा टायमिंग लाइट असेलच. त्याच्या उजेडात फिरत्या पुलीवरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते, आणि चमकण्याची वेळ जरा पुढेमागे झाली तर तीच खूण उलटी सरकताना दिसते. भावाची दुर्बीण दिवसातून एकदाच चमकणारा टायमिंग लाइट आहे, एवढे सांगितले तर बाबाच त्याला पुढचे समजावतील. आता पाऊस येईल, तेव्हा दिवाळीनंतर पहाटेच्या आकाशात, एकाच रात्री तीन तासांच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात.